वडगावच्या सोप्यातला होला

बेळगावातल्या वडगावात एका विणकराच्या घरी यंदा पाडव्याच्या तोंडावर जे घडलं, ते मी रोजच्या रोज वहीत टिपून ठेवलं होतं. त्याच टिपणांवरून हे लिहितो आहे. गोष्ट वरवर लहान आहे. सोप्यातल्या, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतल्या, ट्यूबलाइटच्या पट्टीवर एका पाखरानं घरटं केलं, एवढीच. पण तीन-साडेतीन आठवड्यांत त्या पाखराची ओळख तीनदा चुकली, त्यातली एक चूक माझी होती, आणि दर वेळी नावाबरोबर घरातल्यांचा विचारही फिरला. म्हणून हे सगळं सविस्तर सांगावंसं वाटतं.

मी मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. त्या घरची थोरली मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. वडगाव, शहापूर, खासबाग हा सगळा मागांचा पट्टा. यांच्याही घरात मागच्या खोलीत दोन पॉवरलूम आहेत आणि पुढच्या सोप्यात आजींची खाट. पाडव्यापूर्वी घर झाडायला काढलं. जळमटं काढताना तिच्या आईचा, म्हणजे काकूंचा, लांब दांड्याचा कुंचा ट्यूबलाइटच्या पट्टीला लागला आणि डोक्यावरून फडफड करत एक पाखरू दारातून बाहेर गेलं. स्टुलावर चढून बघतात तर पट्टीवर पंधरा-वीस काड्या आणि दोन पांढरीशुभ्र अंडी.

मुलीनं मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "सर, घरात कबुतरानं अंडी घातल्यात. आजीला दमा आहे. काढून टाकू काय?"

तिची भीती बिनबुडाची नव्हती. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून केवढा वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि ते सगळं इथे घराघरातल्या टीव्हीवर आठवडे चालू होतं. कबुतरांच्या विष्ठेनं फुप्फुसं खराब होतात हे वाक्य त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या लहान पोरांच्याही तोंडी बसलं होतं. घरात दम्याची म्हातारी असताना कुणीही हेच विचारलं असतं. त्यातून वायरमनलाही बोलावून झालं होतं. ट्यूब खाली काढायची, पट्टी पुसायची, रंगाचा एक हात मारायचा आणि पाडव्याला सोपा लख्ख करायचा, असा बेत होता.

फोटो खालून आणि फ्लॅश लावून काढलेला. पाखरू परत येऊन अंड्यांवर बसलं होतं. काड्यांच्या कडेवरून छाती आणि मान तेवढी दिसत होती, आणि मानेवर काळे ठिपके स्पष्ट होते. मी लगेच उत्तर पाठवलं, "हे कबूतर नाही, ठिपकेवाला होला आहे. मी येईपर्यंत कुणी हात लावू नका." यातला पहिला भाग बरोबर होता. दुसरा चुकला होता.

कबूतर आणि होला

आमच्याकडे हल्ली कबुतराच्या कुळातलं काहीही दिसलं की त्याला कबूतर म्हणायची सवय लागली आहे. मला याचं वाईट वाटतं, कारण मराठीत या पाखरांना वेगवेगळी, नेमकी नावं होती आणि आहेत. गोठ्यात, देवळाच्या शिखरावर, बाजारपेठेच्या माळ्यावर थव्यानं राहणारा निळसर राखाडी तो पारवा. झाडाझुडपांत जोडीनं राहणारा, मातकट रंगाचा, लांब शेपटीचा तो होला. त्यालाच कुठे कवडा म्हणतात, कुठे भोरी. पारवा हा शब्द संस्कृतातल्या पारावतापासून आलेला, आणि कबूतर हा फारसीतला शब्द पुढे सगळ्यांवर पसरला. शेजारच्या घरातल्या कन्नड बोलणाऱ्या अज्जींना मी पट्टीकडे बोट दाखवून विचारलं, तेव्हा त्या क्षणात म्हणाल्या, "बेळवा." पारव्याला त्या पारिवाळ म्हणतात. दोन पाखरं म्हणून दोन शब्द, आणि त्यांच्या बोलण्यात त्यांची गल्लत कधी होत नाही.

फरक काही बारीकसारीक नाही. पारवा तेहतीस सेंटिमीटरचा, छातीला भरलेला. हा होला पंचवीस ते सत्तावीस सेंटिमीटरचा, साळुंकीहून थोडा मोठा दिसतो तोही लांब शेपटीमुळे. वजन पारव्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकंही नसतं. राहणीतला फरक मला त्याहून मोठा वाटतो. पारवा मूळचा कडेकपारीचा. आपल्या इमारती त्याला कडेच वाटतात, म्हणून एकाचे पन्नास व्हायला वेळ लागत नाही. होला घरात आला तरी एक जोडी म्हणून येतो आणि पिलं उडाली की जातो. पन्नास होले छज्जावर ओळीनं बसलेले मी आजवर पाहिलेले नाहीत.

बुट्टी पुढनं की मागनं

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. माग चालू होते. मागाचा खडखडाट ज्यांनी ऐकला आहे त्यांना सांगायला नको, शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. पाखरू मात्र त्या आवाजात निवांत अंड्यांवर बसलेलं होतं. बहुधा त्यानं घरटं बांधलं तेच या आवाजात.

आपल्या भागात गावात दिसणारे होले मुख्यतः दोन. ठिपकेवाला होला आणि छोटा तपकिरी होला. दोघांच्याही मानेवर ठिपके असतात, आणि फोटोत मी तिथेच फसलो. ठिपकेवाल्याच्या मानेच्या मागच्या बाजूला काळा पट्टा असतो आणि त्या काळ्यावर पांढरे ठिपके, बुद्धिबळाच्या पटासारखे. शिवाय पाठीवर आणि पंखांवर फिकट ठिपके विखुरलेले असतात. छोट्या तपकिरी होल्याची मान मागून कोरी असते. त्याचे ठिपके गळ्याच्या पुढच्या अंगाला आणि दोन्ही बाजूंना, तांबूस भुईवर काळे. पाठ साधी, मातकट तपकिरी. पंख मिटलेले असताना खांद्याच्या कडेला राखी निळसर पट्टा दिसतो. डोकं आणि गळा फिक्या जांभळट गुलाबी रंगाचे.

हे मी काकूंना सांगितलं आणि स्टूल पुढे ओढलं. त्यांनी मला थांबवलं. "मी रोज बघत्ये की ओ सर. पाठीकडनं बुट्टी नाही, पुढनं आहे. पाठ कोरी. पंखाच्या काठाला निळा येतोय." साडीवर बुट्टी, म्हणजे ठिपक्यांची नक्षी, कुठे पडते, काठाला कोणता रंग येतो हे बघण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांच्या नजरेला मी शिकवण्यासारखं काही नव्हतं. मी फोटोवरून जे चुकलो ते त्यांनी उघड्या डोळ्यांनी आधीच नीट पाहिलं होतं. त्याचं नाव काय एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

म्हणजे हा छोटा तपकिरी होला. शास्त्रीय नाव स्पायलोपेलिया सेनेगालेन्सिस. लिनियसनं १७६६ साली हे नाव दिलं ते आफ्रिकेतल्या सेनेगलवरून, कारण आफ्रिकेपासून अरबस्तानातून आपल्यापर्यंत हा पक्षी पसरलेला आहे. आपल्याकडच्या उपजातीचं नाव मात्र खंभातवरून पडलं आहे, आणि ठिपकेवाल्या होल्याच्या आपल्याकडच्या रूपाला सुरतेचं नाव आहे. दोन्ही नावं १७८९ सालची, ग्मेलिन नावाच्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञानं दिलेली. गल्लीत रोज दिसणाऱ्या दोन पाखरांच्या नावांत गुजरातची दोन जुनी बंदरं शेजारी शेजारी बसलेली आहेत हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. माणसाच्या वस्तीशी या छोट्या होल्याचं किती जमतं पाहा. ऑस्ट्रेलियात पर्थला १८९८ साली हे होले सोडले, तर आज त्या भागातल्या गावांत ते आपलेच असल्यासारखे फिरतात.

आजींचा कान

पण मला पुरावा आणखी एक हवा होता, आणि तो आजींकडून मिळाला. दहाच्या सुमाराला करंट गेला. माग एकदम थांबले. अशा वेळी या गल्लीत जी शांतता पसरते ती अंगावर येते. दोन मिनिटांनी बाहेरच्या शेवग्यावरून आवाज आला, हलका, घशातल्या घशात कुणी हसल्यासारखा. क्रू-डू-डू-डू-डू. मधे चढतो, शेवटी उतरतो.

आजी खाटेवर पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हा घरातला. येळ्ळूरच्या वाटेला नारळावर घुमतोय तो दुसरा. त्याचा आवाज जड आहे. मी सांगितलं तर कोण ऐकतंय?"

वडगावच्या दक्षिणेला येळ्ळूरच्या वाटेवर भाताची शेतं लागतात, बांधावर नारळ आणि आंबे. तिथे ठिपकेवाला होला असतोच. त्याचं घुमणं खोल असतं, कु-क्रूऽऽ-क्रूऽऽ, सावकाश आणि एकसुरी. सोप्यात पडून, करंट गेला की, आजी दोन्ही आवाज वेगळे ओळखत होत्या. त्यांनी पाखरू नीट पाहिलं नव्हतं तरी पाखरं दोन आहेत हे त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं. या छोट्या होल्याला इंग्रजीत हसरा होला अशा अर्थाचं नाव आहे, तेही या आवाजावरूनच. ओळख पटवायची असेल तर मी आता मुलांना आधी डोळे मिटायला सांगतो.

आमच्या जिल्ह्यात हे दोघे शेजारी का आढळतात त्याचाही उलगडा जमिनीत आहे. बेळगावच्या दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला खानापूर, जांबोटी, कणकुंबी, दाट पावसाचा घाट. पूर्वेला आणि उत्तरेला सौंदत्ती, गोकाक, अथणी, काळ्या मातीचा कोरडा मुलूख. ठिपकेवाल्याला ओल आणि झाडी लागते. छोट्या तपकिरीला कोरडं, मोकळं, खुरट्या झुडपांचं रान आवडतं. बेळगाव शहर बरोबर मधे येतं, म्हणून दोघांनाही इथे जागा सापडते. घाटातल्या रानात गेलं तर पाचूसारख्या हिरव्या पंखांचा पाचू कवडाही भेटतो. पूर्वेकडे गेलं तर राखट अंगाचा आणि मानेमागे काळी अर्धी कंठी घातलेला पठाणी होला तारांवर बसलेला दिसतो. त्याचा आवाज तीन तुकड्यांचा, कु-कूऽऽ-कुक. त्याच्याहून लहान, विटकरी रंगाचा तांबडा होलाही त्याच बाजूला. वडगावच्या सोप्यात या तिघांपैकी कुणी येण्याचा संभव नव्हता, पण गोकाककडचे कुणी वाचत असतील तर त्यांनी मानेमागची कंठी आधी पाहावी.

काढायचं की ठेवायचं

नाव पटलं तरी मूळ प्रश्न तसाच होता. आजींचा दमा.

इथे मी काही गोष्टी सरळ सांगितल्या. होला कबूतर नाही, म्हणून त्याची विष्ठा निर्धोक, असं मुळीच नाही. तोही त्याच कुळातला. पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेतले आणि पिसांच्या भुकटीतले कण वर्षानुवर्षं श्वासात गेले तर काही माणसांच्या फुप्फुसांना त्याची ॲलर्जी जडते आणि ती वाढत गेली तर फुप्फुसं कडक होत जातात. हा आजार खरा आहे. फरक मुख्यतः मात्रेचा. शेकडो पारव्यांच्या विष्ठेखाली रोज राहणं आणि एका जोडीचं तीन-चार आठवड्यांचं घरटं, यांचं वजन एक नाही. पण ज्यांना आधीच दमा आहे त्यांच्याबद्दल शिक्षकानं बोलू नये, डॉक्टरांनीच बोलावं. मुलगी आजींच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून आली. खाट आतल्या खोलीत न्या, आणि घरटं रिकामं झालं की मास्क लावून, आधी ओलं करून मगच साफ करा, कोरडं झाडू नका, असं त्यांनी सांगितलं.

दुसरी बाजू कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी-घरटी विस्कटणं हेही येतं. त्या कायद्याच्या जुन्या चौथ्या अनुसूचीत कबूतर कुळातले पक्षी होते, फक्त निळा पारवा तेवढा वगळून. म्हणजे पट्टीवर पारवा बसला आहे की होला, यावर त्या घरट्याचं भवितव्य कागदावरही ठरत होतं. हे ऐकल्यावर वायरमननं स्वतःच स्टूल बाजूला नेऊन ठेवलं.

तिसरी बाजू अनपेक्षित होती. नात्यातल्या एक मावशी आल्या होत्या. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या की होला घरात शिरणं बरं नव्हे, सणाच्या तोंडावर तर नाहीच. अशा समजुतीला हसून चालत नाही. ती फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १६५ वं सूक्त याच भीतीचं आहे. घरात आलेला कपोत, म्हणजे कबूतर-होला, हा विनाशाची देवता निर्ऋती हिचा दूत असेल या शंकेनं ते सुरू होतं. मी मावशींना त्याची पुढची ऋचाही सांगितली. तीत हा आलेला कपोत आम्हाला कल्याणकारी असो, आमच्या घरातलं हे पाखरू निरपराध असो, अशी देवांकडे मागणी आहे. मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनीच विचारलं, "मग तांदूळ टाकावंत काय त्याला?" तांदूळ नको म्हटलं. घरट्याजवळ दाणे पडले की मुंग्या आणि उंदीर येतात. पाणी अंगणात ठेवा, पसरट थाळीत. होला पाणी चिमणीसारखं चोच वर करून गिळत नाही. तो चोच बुडवून एका दमात ओढून घेतो, म्हणून थाळीत दोन बोटं तरी पाणी हवं.

घरट्याखाली काकूंनी जुन्या पुठ्ठ्याचा ट्रे तारेनं टांगला. आजींची खाट आत गेली. आजी नाराज झाल्या, कारण आत पंखा असला तरी वारा नव्हता आणि आवाजही येत नव्हता. पाडव्याला सोप्याचा अर्धा भाग झाडलेला आणि अर्धा तसाच, अशी त्या घराची गुढी उभी राहिली.

दोन आठवडे पट्टीवर

माझ्या पहिल्या भेटीनंतर आठव्या दिवशी पहिलं अंडं फुटलं, नवव्या दिवशी दुसरं. या होल्याची अंडी तेरा-चौदा दिवसांत उबतात. घरट्याकडे लक्ष गेलं तोवर अंड्यांना चार-पाच दिवस होऊन गेले असावेत. नर-मादी दिसायला सारखीच, त्यामुळे बसलं आहे कोण हे नुसतं पाहून सांगता येत नाही. पण पाळी ठरलेली होती. सकाळी दहाच्या आसपास एक येई, दुसरं उठे. संध्याकाळी पाचच्या आसपास पुन्हा बदली. या कुळात दिवसाची पाळी बहुतेक नराची आणि रात्रीची मादीची.

पिलं पहिल्या दिवशी पाहिली तर ती सुंदर नव्हती. डोळे मिटलेले, पिवळसर विरळ लव, आणि अंगाच्या मानानं भलतीच मोठी चोच. मुलीनं विचारलं, दाणे खाणारं पाखरू एवढ्याशा जिवाला काय भरवतं? होला किंवा पारवा आपल्या पिलांना सुरुवातीला दाणा देतच नाही. आई आणि बाप दोघांच्याही गळ्याखाली जी पिशवी असते तिच्या आतल्या अस्तराच्या पेशी सुटून दह्यासारखा एक घट्ट पदार्थ तयार होतो, प्रथिनं आणि चरबीनं भरलेला. त्यालाच कबुतराचं दूध म्हणतात. ते तयार होण्यामागे प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक असतं, आणि माणसाच्या आईला दूध येतं त्यामागेही तेच. पिलू आपली चोच आईबापांच्या तोंडात खुपसून ते ओढून घेतं. पहिले काही दिवस फक्त हे दूध, मग हळूहळू त्यात मऊ झालेले दाणे. बापाला दूध येतं हे ऐकून काकू माग बंद करून बाहेर आल्या आणि त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं.

बाराव्या दिवशी पाडवा झाला. तेराव्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला. एका पिलाचा पाय वर येत नाही, ते एका बाजूला कलंडतंय.

मी शाळेत जाण्यापूर्वी गेलो. होल्याचं घरटं म्हणजे विणकाम नव्हे, काड्यांची विरळ मांडणी. खालून पाहिलं तर कधी कधी आरपार उजेड दिसतो. पण मागाच्या घरात जमिनीवर दोऱ्यांचा कचरा पडलेला असतोच, आणि या जोडीनं काड्यांबरोबर थोडा रेशमी दोराही उचलला होता. केशरी रंगाचा तो दोरा पिलाच्या उजव्या पायाच्या मधल्या बोटाला तीन वेढे बसून काडीला अडकला होता. बोट सुजून जांभळं झालेलं. पाच दिवसांचं पिलू, बोटाची जाडी आगपेटीतल्या काडीहून कमी. माझ्या हाताला ते जमलं नसतं. मुलीनं मागावरची छोटी कात्री घेतली, मी पिलू ओंजळीत धरलं, काकूंनी मोबाइलचा उजेड धरला. तिनं आधी काडीकडचा दोरा तोडला, मग कात्रीचं टोक बोटाला समांतर सरकवत एकेक वेढा कापला. शेवटचा वेढा कातडीत रुतला होता. तो तिनं सुईच्या नाकानं उचलून कापला. चार मिनिटं गेली असतील. पिलानं चोच उघडून एक बारीक शीळ घातली, बाकी ते गरम, जड आणि गप्प होतं. ओंजळीत त्याच्या छातीची धडधड माझ्या तळव्यांना लागत होती.

घरट्यातले उरलेले दोरेही आम्ही काढले आणि पिलू परत ठेवलं. "आता माणसाचा वास लागला, आई घेणार नाही," असं शेजारच्या कुणीतरी म्हटलं. हा समज सगळीकडे आहे आणि त्यापायी किती तरी पिलं घरट्यात परत न ठेवता मारली जातात. पाखरं वासावरून पिलू टाकत नाहीत. मोठा होला समोरच्या तारेवर बसून सगळं पाहत होता. आम्ही दाराआड झाल्यावर वीस मिनिटांत तो परत येऊन पिलांवर बसला. त्या दिवसापासून काकूंनी सोप्यातला दोऱ्याचा कचरा रोज संध्याकाळी गोळा करून डब्यात टाकायला सुरुवात केली. विणकरांच्या घरांनी हे एवढं केलं तर फार पाखरांचे पाय वाचतील. पारव्यांचे तर बाजारपेठेत किती पाय असे दोऱ्यानं तुटलेले दिसतात!

बुट्टी नसलेलं पाखरू

बावीस-तेवीसाव्या दिवशी पिलं उडाली. दोघांत एका दिवसाचं अंतर. मुलीनं कळवलं, मी वहीत लिहिलं आणि प्रकरण संपलं असं समजलो.

दोन दिवसांनी शेजारच्या अज्जींच्या नातवानं अंगणातून एक पाखरू उचलून आणलं आणि टोपलीखाली झाकून ठेवलं. सगळ्यांचं म्हणणं असं की हे वेगळंच काहीतरी आहे. शेपटी आखूड, रंग फिका आणि गळ्यावर एकही ठिपका नाही. कुणी त्याला पारव्याचं पिलू म्हणालं. ते नीट उडतही नव्हतं, म्हणून मांजर खाईल या काळजीनं मुलानं ते ठेवलं होतं. हेतू चांगलाच होता.

मी टोपली उचलली आणि त्याचा उजवा पाय पाहिला. मधलं बोट अजून जाड होतं, त्याला दोऱ्याची वळी दिसत होती.

छोट्या तपकिरी होल्याचं नुकतं उडालेलं पिलू असंच असतं. गळ्यावरची ठिपक्यांची नक्षी नंतर येते. रंग मळकट, पिसांच्या कडा फिक्या. या वयात ते जमिनीवर, भिंतीवर, कुंड्यांमागे बसून राहतं आणि आईबाप येऊन भरवत राहतात. त्याला हरवलेलं किंवा आजारी समजून घरात नेणं म्हणजे भरवणाऱ्यांपासून तोडणं. आम्ही ते शेवग्याखालच्या उंच भिंतीवर ठेवलं आणि गल्लीतलं मांजर येऊ नये म्हणून नातू अर्धा तास पायरीवर राखत बसला. तासाभरात मोठा होला भिंतीवर उतरला. पिलानं पंख थरथरवत चोच त्याच्या तोंडात घातली. अज्जी कन्नडमध्ये नातवाला काहीतरी बोलल्या. एकच शब्द मला कळला, बेळवा.

नंतर

त्या शनिवारी काकूंनी आणि मुलीनं तोंडाला मास्क बांधून पट्टी, भिंत आणि ट्रे ओल्या फडक्यानं पुसले. काड्या ओल्या करून पिशवीत भरून टाकल्या. वायरमननं ट्यूब दुसऱ्या भिंतीवर नेली. जुनी पट्टी काढली, कारण हीच जोडी त्याच जागी परत बसण्याची शक्यता खूप असते. छोटा तपकिरी होला वर्षातून कितीतरी वेळा अंडी घालतो आणि एकदा जमलेली जागा सहजी सोडत नाही. आजींच्या दम्याचा विचार करता सोप्यात पुन्हा घरटं होऊ देणं बरोबर नव्हतं. मी याच मताचा होतो आणि अजूनही आहे. बाहेर वळचणीला मात्र काकूंनी हातभर लांबीची एक फळी ठोकून घेतली, पाऊस लागणार नाही अशी.

आजींची खाट सोप्यात परत आली.

एप्रिलच्या शेवटी, पहिला वळीव पडून गेल्यावर, मी वह्या द्यायला तिकडे गेलो होतो. फळी रिकामी होती, तिच्यावर एक काडीही नव्हती. जोडी शेजारच्या अज्जींच्या मीटरच्या पेटीवर काड्या नेत होती. नर एक काडी आणून मादीच्या पाठीवरून पुढे देई, ती ती घेऊन अंगाखाली सारे, आणि तो परत जाई. मी उभा होतो तेवढ्यात त्यानं अकरा खेपा केल्या. दुपारी करंट गेला. माग थांबले. आजींनी खाटेवरून बोटं वर केली आणि शेवग्यावरचा आवाज मोजू लागल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. मग येळ्ळूरच्या बाजूनं तो जड आवाज आला आणि त्यांनी हात खाली ठेवला.